कॉमन पोचार्ड की फेरुजिनस? आधी शेपटीखाली बघा

कॉमन पोचार्ड आणि फेरुजिनस पोचार्ड, दोन्ही बुडी मारणारी बदकं, लांबून सहज घोळ होतो. मागच्या हिवाळ्यात नवी मुंबईत सीवूड्सच्या तळ्यावर लांबून एक तपकिरी बदक दिसलं, मी फेरुजिनस फेरुजिनस करत ग्रुपवर फोटो पण टाकला, आणि निघाली काय तर साधी अडई, म्हणजे दुसरंच बदक (लेसर व्हिसलिंग डक). तेव्हापासून रंग सगळ्यात शेवटी बघायचा असं ठरवलंय.

आधी ते बुडी मारतंय का बघा. खाडीकडचे पिनटेल, शॉव्हेलर ही बदकं पाण्याच्या वरवरच चरतात आणि दचकले की सरळ वर उडतात. पोचार्ड मंडळी मात्र अख्खी गायब होतात नि भलतीकडेच वर येतात, उडायचं तर आधी पाण्यावरून धावत सुटतात. त्यामुळे एक डाइव्ह होईपर्यंत थांबायचं, चहा नंतर.

आता दोघांतला फरक. डोकं दोन्ही नरांचं लालसर, तिथे अडकू नका, मागे जा. शेपटीखाली पांढराशुभ्र पॅच असेल तर फेरुजिनस. कॉमनच्या नराचं तिथे काळं, छाती पण काळी आणि पाठ राखाडी. उडाले की अजून सोपं, फेरुजिनसच्या पंखावर रुंद पांढरी पट्टी चमकते, कॉमनची राखाडी, फिकी. डोळा दिसला तर बोनस: फेरुजिनस नराचा पांढरा, कॉमन नराचा लाल. माद्या डोकं खातात खरं, पण शेपटीखालचं पांढरं फेरुजिनसच्या मादीलाही असतं, आणि कॉमनचं कपाळ चोचीपर्यंत घसरगुंडीसारखं उतरतं. एकच घोळ, टफ्टेड डक या आणखी एका बुडी मारणाऱ्या बदकाच्या काही माद्यांना पण मागे पांढरं असतं, त्यांचा डोळा पिवळा असतो.

हात बसवायचा असेल तर ठाण्याहून पहाटे निघून नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य गाठा, पण थंडी नीट पडल्यावर, सीझनच्या सुरुवातीला नर पण मळकट, मादीसारखेच दिसतात.

आणि नावाला फसू नका. सगळे फेरुजिनसमागे धावतात, पण धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत, म्हणजे रेड लिस्टमध्ये, ती निअर थ्रेटन्ड (धोक्याच्या उंबरठ्यावर), आणि हा 'कॉमन' २०१५ पासून व्हल्नरेबल, म्हणजे एक पायरी जास्त धोक्यात! युरोपातल्या मोजण्यांत नरच जास्त भरतात, माद्या कमी पडतायत. म्हणून ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची साइट) नुसतं 'पोचार्ड ११' टाकू नका, कमेंटमध्ये नर ४, माद्या ७ असं वेगळं लिहा, आणि मादी ओळखता आली नाही तर तेही लिहा, लाजायचं काय त्यात.