ब्रिटनच्या व्हिसासाठी पैसे आधीच खात्यात ठेवा

सांगली-मिरजेकडची मुलं आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या बँडमागे, म्हणजे गुणांमागे, महिनोन्‌महिने धावतात आणि पैशांचा विषय शेवटच्या आठवड्यात काढतात. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाला हे परवडत नाही. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि जास्तीत जास्त 9 महिन्यांचा राहण्याचा खर्च, एवढी रक्कम सलग 28 दिवस खात्यात हवी. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे 28 दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या 31 दिवसांत संपलेले असावेत.

आपल्याकडे उसाचं बिल, बेदाण्याचे पैसे बऱ्याचदा पतसंस्थेत असतात. ते वेळेत रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या बँकेत आणा. पतसंस्था त्या नियंत्रणात येत नाहीत. खातं विद्यार्थ्याचं किंवा आई-वडिलांचं चालतं. काका, मामा, आजोबा कितीही मनापासून मदत करत असले, तरी त्यांच्या खात्यातली रक्कम धरत नाहीत. त्यांनी ती आधीच वडिलांच्या खात्यात भरावी. खातं पालकांचं असेल तर जन्मदाखला आणि संमतीपत्र जोडा. दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, त्याला चार दिवस जातात.

बँकेचं शैक्षणिक कर्ज मंजूर असेल, तर त्या रकमेला 28 दिवसांची अट नाही. माझ्या मते शेतकरी घरांनी हाच मार्ग आधी पाहावा.