‘येशू हाच पिता’ म्हणणाऱ्यांशी त्रैक्यावर कसं बोलायचं

हल्ली बऱ्याच ख्रिस्ती घरांत हे व्हायला लागलंय. एखादा भाचा किंवा मावसबहीण नवीन प्रार्थनेला जायला लागते आणि महिन्या-दोन महिन्यांत घरी येऊन सांगते की पिता, पुत्र, पवित्र आत्मा असं वेगवेगळं काही नाहीच, येशू हाच पिता आणि येशू हाच पवित्र आत्मा, आणि तुमचा सगळ्यांचा बाप्तिस्मा चुकीचा झालाय, परत घ्या. घरातले गडबडून जातात. त्रैक्य, म्हणजे एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, हे आपण लहानपणापासून आशीर्वचनात ऐकत आलोय पण कुणी समोर बसून विचारलं तर दोन वाक्यांच्या पुढे गाडी जात नाही. ज्यांना आपल्या माणसाशी नातं न तोडता पण ठामपणे बोलायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी समोरचा नक्की काय मानतो ते समजून घ्या. या शिकवणीला वननेस म्हणतात, कुणी जीझस ओन्ली पण म्हणतं. ही माणसं देव एकच आहे असं मानतात, येशू पूर्ण देव आहे असं मानतात, पवित्र शास्त्र देवाचं वचन मानतात. म्हणजे येशूला पूर्ण देव न मानणाऱ्या यहोवाच्या साक्षीदारांसारखे ते नाहीत, आणि इथेच आपले लोक फसतात, येशू देव आहे हे सिद्ध करणारी वचनं एकामागोमाग एक काढत बसतात आणि समोरचा प्रत्येक वचनाला आमेन म्हणतो, तास गेला तरी मुद्द्याला हात लागत नाही. येशू देव आहे का हा वादच नाहीये. येशू आणि पिता ही एकच व्यक्ती आहे का, हा वाद आहे. सुरुवातीलाच हे बोलून टाका: अनुवाद ६:४ आम्हीही मानतो, परमेश्वर एकच, त्यात आपलं भांडण नाही.

मग आपण काय मानतो तेही साध्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. देव एकच आहे, त्याचं देवपण एकच आणि अखंड आहे, आणि त्या एका देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अनादिकाळापासून आहेत. पिता म्हणजे पुत्र नाही, पुत्र म्हणजे आत्मा नाही, पण प्रत्येक जण पूर्ण देव आहे. तीन देव नाहीत आणि एका देवाचे तीन तुकडेही नाहीत. एवढं पाठ असलं तरी पुरे.

आणि कृपा करून उदाहरणं देऊ नका. पाणी, बर्फ, वाफ हे उदाहरण संडे स्कूलमध्ये सगळ्यांनी ऐकलंय, पण ते त्रैक्याचं नाहीच, तेच पाणी कधी बर्फ होतं आणि कधी वाफ, म्हणजे ही तर वननेसचीच शिकवण झाली. एकच माणूस कुणाचा तरी बाप, कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा असतो, हेही तसंच, आणि हे उदाहरण तर वननेसवाले स्वतःच देतात. आपल्याकडे काही जण समजावताना ब्रह्मा-विष्णू-महेश नाहीतर दत्ताच्या तीन मुखांकडे वळतात, तेही नको, एकतर ऐकणारा तीन देव ऐकतो नाहीतर एकाच देवाची तीन तोंडं, आणि दुसऱ्यांच्या श्रद्धेला आपल्या वादात ओढायचं कारणही नाही. देवासारखं दुसरं काहीच नाही, मग उदाहरण कुठून मिळणार. सरळ पवित्र शास्त्र उघडा.

आता मुख्य प्रश्न, आणि तो एकच आहे: येशू कोणाशी बोलतोय? शुभवर्तमानांत तो सतत पित्याशी बोलतो, पित्याने मला पाठवलं म्हणतो, पित्याकडे जातो म्हणतो. हा प्रश्न विचारा आणि गप्प बसा, उत्तर येऊ द्या. उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: येशूमधला माणूस येशूमधल्या देवाशी बोलत होता, पुत्र म्हणजे त्याचं मनुष्यपण आणि पिता म्हणजे त्याचं देवपण. हे उत्तर हसण्यावारी नेऊ नका, त्यांचा पूर्ण डोलारा याच्यावरच उभा आहे, म्हणून इथे वेळ द्या, बाकी पन्नास वचनं राहिली तरी चालतील.

पहिल्यांदा योहान ८ काढा, १३ ते १८ वचनं, आणि त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा. परुशी म्हणतायत की तू स्वतःच स्वतःबद्दल साक्ष देतोस, ती खरी नाही. यावर येशू त्यांना नियमशास्त्र दाखवतो, दोघांची साक्ष खरी धरली जाते, मग म्हणतो एक साक्षीदार मी आणि दुसरा ज्याने मला पाठवलं तो पिता. आता विचारा, पिता आणि येशू ही एकच व्यक्ती असेल तर इथे साक्षीदार किती झाले? एकच. मग परुश्यांचा आक्षेप बरोबर ठरतो आणि येशूचं उत्तर चुकीचं. मनुष्यपण एक साक्षीदार आणि देवपण दुसरा असं म्हटलं तरी सुटका नाही, कोर्टात कुणी माझं शरीर एक साक्षीदार आणि माझा आत्मा दुसरा असं सांगितलं तर जज ऐकून घेईल का? साक्ष व्यक्ती देते. बोलतं कोण, ऐकतं कोण, प्रेम कोण करतं, तर व्यक्ती, मनुष्यपण किंवा देवपण नाही.

मग योहान ६:३८. मी स्वर्गातून उतरलो तो स्वतःच्या इच्छेप्रमाणे करायला नाही तर ज्याने मला पाठवलं त्याच्या इच्छेप्रमाणे करायला. इथे ‘मी’ कोण ते बघा. येशूचं मनुष्यपण स्वर्गातून उतरलेलं नाही, ते मरीयेच्या पोटी आलं. म्हणजे स्वर्गातून जो उतरला तो देवच, आणि तोच म्हणतो की मला पाठवणारा दुसरा आहे. बरेच जण याच्याऐवजी गेथशेमाने बागेतली प्रार्थना काढतात, माझ्या नाही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो ती, पण तिथे समोरचा सहज म्हणतो ही मनुष्यपणाची इच्छा होती, आणि ख्रिस्तात मानवी इच्छाही होती हे आपणही मानतो, त्यामुळे वाद तिथेच अडकतो. योहान ६:३८ ला ती पळवाट नाही.

आणि मग योहान १७, माझ्या मते सगळ्या विषयाचं काळीज हेच आहे. पाचव्या वचनात येशू म्हणतो, हे पित्या, जग होण्यापूर्वी तुझ्याजवळ माझं जे गौरव होतं त्याने माझं गौरव कर. आणि २४ व्या वचनात, जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. जग होण्यापूर्वी बेथलेहेम नव्हतं, मरीया नव्हती, मनुष्यपण नव्हतं, मग पिता कोणावर प्रीती करत होता? वननेसवाले म्हणतात की तेव्हा पुत्र फक्त देवाच्या योजनेत होता, मनात होता. यावर योहान १:१-३ आणि इब्री १:२ वाचा. शब्द देवाबरोबर होता आणि सगळं त्याच्याद्वारे झालं, पुत्राच्याद्वारे देवाने विश्व निर्माण केलं. मनातल्या योजनेने कोण काय निर्माण करणार आणि मनातली योजना पित्याला ‘तू’ म्हणून हाक कशी मारणार?

हा कोरडा मुद्दा नाहीये हे समोरच्याला कळू द्या. पुत्र बेथलेहेममध्ये सुरू झाला असं मानलं तर त्याच्या आधी देव पिताही नव्हता, कारण पुत्राशिवाय पिता कसला. देव प्रीती आहे असं १ योहान ४ मध्ये आपण वाचतो, ती प्रीती जगाच्या आधीपासून पिता आणि पुत्रामध्ये होती आणि त्याच प्रीतीत आपल्याला घेतलंय, योहान १७ चा शेवट हेच सांगतो. ती दोघांमधली खरी प्रीती नसेल, देव स्वतःशीच बोलत असेल, तर आपल्या हातात काय राहिलं?

आता त्यांची वचनं. ‘मी आणि पिता एक आहोत’ हे हमखास येतं, योहान १०:३०. तिथे ‘आहोत’ आहे, ‘आहे’ नाही, आणि आदल्याच वचनात पित्याने मेंढरं मला दिली असं म्हटलंय, देणारा आणि घेणारा. योहान १४:९ म्हणजे ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं. या वचनावर थांबू नका, पुढे वाचत राहा. १६ व्या वचनात तो म्हणतो मी पित्याला विनंती करीन आणि तो तुम्हांला ‘दुसरा कैवारी’ म्हणजे पवित्र आत्मा देईल, मागणारा एक, देणारा एक आणि येणारा तिसरा, सगळं एका वाक्यात. २३ व्या वचनात तर आम्ही त्याच्याकडे येऊ असं आहे. यशया ९:६ मधलं ‘सनातन पिता’ हे राजाच्या नावांपैकी आहे, येणारा राजा आपल्या प्रजेचा बाप होईल या अर्थाने; यशया २२:२१ मध्ये एल्याकीमही यरुशलेमकरांचा बाप होईल असं लिहिलंय, म्हणून काही तो स्वर्गातला पिता झाला नाही. कलस्सैकरांस २:९, देवत्वाची सर्व पूर्णता ख्रिस्तात वसते, याला फक्त आमेन म्हणा, आपण तेच मानतो.

यार्देन नदीवरचा येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग, मत्तय ३, एकटा वापरू नका. पुत्र पाण्यात, आत्मा कबुतरासारखा, आकाशातून वाणी, आपल्याला वाटतं झालं सिद्ध, पण ते म्हणतात देव सर्वव्यापी आहे, एकाच वेळी तीन ठिकाणी प्रकट होऊ शकतो. ते म्हणणं खोडायचं तर वाणी काय म्हणाली तिकडे चला, हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. स्वतःवरच संतुष्ट होऊन कोणी असं लोकांना सांगतं का?

पवित्र आत्म्याबद्दल जास्त बोलणं होत नाही, पण आलंच तर योहान १६:१३, तो स्वतःचं बोलणार नाही, जे ऐकेल ते सांगेल, आणि रोमकरांस ८, जिथे आत्माही आपल्यासाठी मध्यस्थी करतो आणि पित्याच्या उजवीकडे बसलेला ख्रिस्तही. मध्यस्थी कोणाकडे, हा प्रश्न पुन्हा तोच. १ योहान ५:७ मधलं स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचं वाक्य मात्र वापरू नका, ते किंग जेम्स या जुन्या इंग्रजी भाषांतरात आहे पण जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही, ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्तींत ते घातलंच नव्हतं, १५२२ मध्ये घातलं. समोरच्याला हे माहीत असलं तर तुमची बाकीची बरोबर वचनंही तो ऐकणार नाही.

इतिहास निघतोच, कारण त्यांना सांगितलेलं असतं की त्रैक्य हे कॉन्स्टंटाइन राजाने ३२५ मध्ये निकियाच्या धर्मसभेत बनवलं. पण टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक कार्थेजमध्ये २१३ च्या सुमारास, म्हणजे निकियाच्या शंभरेक वर्षं आधी, नेमक्या याच शिकवणीविरुद्ध एक अख्खं पुस्तक लिहून बसला होता, प्रॅक्सियस नावाच्या माणसाविरुद्ध. त्याचं म्हणणं असं की प्रॅक्सियसने रोममध्ये सैतानाची दोन कामं केली, आत्म्याला हाकलून लावलं आणि पित्याला वधस्तंभावर चढवलं. पिताच पुत्र असेल तर वधस्तंभावर पिताच मेला, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. हेच शिकवणाऱ्या सबेलियसलाही रोमच्या मंडळीने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला याच कारणासाठी बाहेर काढलं. आत्ताची चळवळ मात्र अगदी अलीकडची, १९१३ मध्ये लॉस एंजेलिसजवळ ॲरोयो सेकोला पेंटेकॉस्टल कॅम्प झाला, तिथे येशूच्या नावाने बाप्तिस्मा हा विषय निघाला, एप्रिल १९१४ मध्ये फ्रँक युअर्ट आणि ग्लेन कुक यांनी एकमेकांना परत बाप्तिस्मा दिला, आणि १९१६ मध्ये सेंट लुईसला असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल मंडळीने त्रैक्य स्पष्ट लिहून काढलं तेव्हा दीडशेच्या आसपास पाळक बाहेर पडले. लक्षात घ्या, पेंटेकॉस्टल मंडळीनेच ही शिकवण नाकारली, त्यामुळे सगळ्या पेंटेकॉस्टल लोकांना एकाच माळेत ओवू नका, तो अन्याय होईल.

शेवटी बाप्तिस्मा, आणि घरात खरा त्रास यानेच होतो. आमच्या नात्यात एका म्हाताऱ्या काकूंना सांगितलं गेलं की तुमचा बाप्तिस्मा वाया गेला, येशूच्या नावाने घेतला नाही तर तारण नाही. सत्तरी उलटलेली बाई, आयुष्यभर गुडघ्यावर प्रार्थना केलेली, ती रात्र रात्र झोपेना. अशा माणसाला आधी धीर द्या, वाद नंतर. मग सावकाश दाखवा की मत्तय २८:१९ हे येशूच्याच तोंडचं आहे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. येशूने सांगितल्याप्रमाणे झालेला बाप्तिस्मा येशूच्या नावाविरुद्ध कसा असेल?

प्रेषितांची कृत्ये २:३८ दाखवलं जाईल. तिथे येशू ख्रिस्ताच्या नावाने असं आहे, ८:१६ मध्ये प्रभू येशूच्या नावाने आहे, शब्द जागोजागी थोडे बदलतात, म्हणजे हे पुस्तक लिहिणारा लूक पाण्यात उभं राहून म्हणायचा मंत्र लिहीत नाहीये, हा बाप्तिस्मा कोणाचा आहे ते सांगतोय. १९ वा अध्याय तर जरूर वाचा. इफिसचे शिष्य म्हणतात पवित्र आत्मा आहे हे आम्ही ऐकलंच नाही, आणि पौल लगेच विचारतो, मग तुमचा बाप्तिस्मा कसला झाला? बाप्तिस्म्यात आत्म्याचं नाव घेतलं जात नसतं तर हा प्रश्न त्याला सुचलाच नसता. डिडाखे नावाचं अगदी जुनं पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या शेवटचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं, त्यात सातव्या भागात पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्या असं सांगितलंय आणि नवव्यात त्याच लोकांना प्रभूच्या नावाने बाप्तिस्मा झालेले म्हटलंय. दोन्ही एकाच पुस्तकात, आणि लिहिणाऱ्याला त्यात काही विसंगती दिसली नाही.

हे सगळं एका बैठकीत करायला जाऊ नका. एका वेळी एकच अध्याय, दोघांच्या हातात पवित्र शास्त्र, वाचणारा तो. व्हॉट्सॲपवर वचनं पाठवून तर अजिबात नको, तिथे कुणीच पुढचं-मागचं वाचत नाही. आणि तो परत बाप्तिस्मा घ्यायचाय म्हणून अडून बसला, तर तारीख ठरवण्याआधी आपल्या पाळकांबरोबर योहान १४ ते १७ पूर्ण वाचून ये, एवढंच मागा.