मोटारसायकल दुरुस्ती शिकताय? आधी पार्ट्स कॅटलॉग उघडा

आयटीआयचं शेवटचं वर्ष सुरू झालं की मुलं गॅरेजवर चौकशीला यायला लागतात. पहिला प्रश्न कामाचा असतो. दुसरा बहुतेक वेळा हाच असतो: "दादा, टू-व्हीलरचं एखादं चांगलं पुस्तक सांगा ना." या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी त्याचं उत्तर एकदा नीट लिहून ठेवतो.

माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी पार्ट्स कॅटलॉग घ्या. सर्व्हिस मॅन्युअल, म्हणजे कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक, त्यानंतर. ऐकणाऱ्याची थोडी निराशा होते, कारण कॅटलॉगमध्ये वाचण्यासारखं एकही सलग वाक्य नसतं. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर नंबरांची यादी. पण ते चित्र पाहा. क्लच असेल तर बास्केट, प्लेटा, स्प्रिंगा, वॉशर, सर्क्लिप (खाचेत बसून पार्ट अडवणारी स्प्रिंगची कडी) हे सगळं ज्या क्रमाने शाफ्टवर चढतं त्याच क्रमाने एका रेषेत सुटं करून काढलेलं असतं. कोणता वॉशर आत, कोणता बाहेर, सर्क्लिप कुठल्या खाचेत, ओ-रिंग कुठे, हे तिथे डोळ्यांना दिसतं. इंजिन बांधून झाल्यावर ट्रेमध्ये एक वॉशर उरला की कुणाला विचारायचं? कॅटलॉगला. म्हणून मी नव्या मुलाला आधी एकच पान देतो, समजा किक शाफ्टचं, आणि समोर सुटे पार्ट ठेवतो. चित्राप्रमाणे ते टेबलावर मांडायचे. पाना हातात घ्यायचाच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ते नंबर. होंडाच्या पार्ट नंबरचे तुकडे पडतात. पहिले पाच आकडे पार्ट काय आहे ते सांगतात: 12100 म्हणजे सिलिंडर, 12200 म्हणजे हेड, 13101 म्हणजे पिस्टन, 14711 इनलेट व्हॉल्व्ह, 14721 एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. मधली तीन अक्षरं किंवा आकडे सांगतात की तो पार्ट मुळात कोणत्या मॉडेलसाठी तयार झाला. हे एकदा कळलं की दुकानात उभं राहण्याची पद्धतच बदलते. दोन वेगळ्या मॉडेलच्या कॅटलॉगमध्ये एखाद्या पार्टचा पूर्ण नंबर एकच असेल, तर तो पार्ट एकच आहे. मग गिऱ्हाइकाच्या गाडीचा पार्ट मिळत नाही म्हणून गाडी आठवडाभर अडवायची गरज राहत नाही. हिरो होंडाची पहिली सीडी 100 आली 1985 मध्ये, स्प्लेंडर 1994 मध्ये, आणि 97.2 सीसीचं तेच घराणं पुढे कितीतरी नावांनी विकलं गेलं. या गाड्यांवर काम करणाऱ्याने दोन-तीन मॉडेलचे कॅटलॉग शेजारी ठेवून नुसते नंबर जुळवत एक दुपार घालवावी. पुण्याच्या नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांच्या काउंटरवरचे जुने लोक ज्या वेगाने "हे त्याला चालतं" म्हणतात, त्यामागे हीच मांडणी असते. त्यांची ती वर्षानुवर्षांच्या सवयीने पाठ झालेली असते.

आता सर्व्हिस मॅन्युअल. हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं नसतं. त्यातली इंग्रजी पाहून मराठी माध्यमाची मुलं बिचकतात, पण काढा, बसवा, तपासा, मोजा, आवळा, तेल लावा एवढ्याच अर्थाची क्रियापदं पुन्हा पुन्हा येतात. महिनाभरात ती ओळखीची होतात. जिथे खरंच थांबून वाचायचं, ते स्पेसिफिकेशनचं कोष्टक. त्यात मापांचे दोन रकाने असतात. एक स्टँडर्ड, दुसरा सर्व्हिस लिमिट. स्टँडर्ड म्हणजे नव्या पार्टचं माप. लिमिट म्हणजे याच्यापुढे पार्ट वापरायचा नाही. मधली जागा मेकॅनिकच्या निर्णयाची. समजा इंजिन दुसऱ्या कामासाठी उघडलंय आणि पिस्टन-सिलिंडरमधला गॅप लिमिटच्या आत आहे, पण अगदी काठावर. पुस्तकाप्रमाणे तो पास आहे. माझा सल्ला असा की गिऱ्हाइकाला दोन्ही आकडे दाखवा आणि काम आत्ताच करून घ्यायला सांगा, कारण सहा महिन्यांनी तेच इंजिन पुन्हा उघडलं तर पॅकिंग आणि मजुरी त्याला दुसऱ्यांदा पडते. कोष्टकावर बोट ठेवून बोललं की घासाघीस कमी होते आणि विश्वास वाढतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

टॉर्कचं, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचं, कोष्टक वाचताना एकक आधी पाहा. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर, नव्यात न्यूटन-मीटर, इंग्लिश गाड्यांच्या पुस्तकात फूट-पाउंड. 1 किलोग्रॅम-मीटर म्हणजे 9.8 न्यूटन-मीटर, म्हणजेच 7.2 फूट-पाउंड. इंजिन कव्हरचा 6 मिमीचा बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटरला बसतो, 8 मिमीचा 22 च्या आसपास. कव्हरचे आटे अ‍ॅल्युमिनियममध्ये असतात. 10 चा आकडा किलोग्रॅम-मीटर समजून कुणी टॉर्क पाना लावला तर जवळपास दहापट जोर पडेल. ठरलेल्या टॉर्कपर्यंत पोचायच्या आतच आटे निघून हातात येतील, मग हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, लावत बसा. मापांचंही तसंच. जुन्या लेथवाल्याकडे सिलिंडर बोअरला दिला तर तो "दहा थाऊ", "वीस थाऊ" असं बोलेल आणि पिस्टनच्या डब्यावर 0.25, 0.50 छापलेलं असेल. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणून दहा थाऊ म्हणजे 0.254 मिलिमीटर. हे रूपांतर डोक्यात पक्कं बसलेलं हवं.

मॅन्युअल घेताना वर्ष तपासा. कंपन्या पूर्ण पुस्तक एकदा छापतात आणि नंतर बदल झाले की नुसती पुरवणी काढतात. पुरवणीत फक्त बदललेली पानं असतात, बाकीच्यासाठी मूळ पुस्तक पाहा असं लिहिलेलं असतं. स्वस्त मिळाली म्हणून नुसती पुरवणी घेऊन बसलात तर अर्धी गाडी हातात येणारच नाही. कॅटलॉगमध्येही इंजिन आणि चेसिस नंबरांच्या मर्यादा दिलेल्या असतात. गाडीवरचा नंबर पाहूनच पान उघडायचं.

आयटीआयची चेन्नईच्या निमी संस्थेची ट्रेड थिअरी आणि ट्रेड प्रॅक्टिकलची पुस्तकं जपून ठेवा. मेकॅनिक मोटर व्हेइकलच्या पुस्तकात टू-व्हीलर कमी, चारचाकी जास्त. पण मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल गेज वाचायचं प्रकरण तिथे चांगलं आहे. त्यापलीकडे त्यांच्यावर अवलंबून राहू नका.

पुस्तक कुठे थांबतं आणि हात कुठे सुरू होतो, ते जुन्या बुलेटच्या टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप लावताना, फार छान कळतं. बाकीच्या गाड्यांना फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप) लागतो. अमुक इतके मिलिमीटर, पाती घाला, हलका अडकाव लागला की झालं. जुन्या लोखंडी सिलिंडरच्या बुलेटला मॅन्युअल सांगतं: इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, आणि गॅप शून्य. पुशरॉडला (व्हॉल्व्ह उघडायला जोर वर पोचवणाऱ्या दांडीला) वर-खाली खेळ अजिबात नको, तरी तो दोन बोटांत मोकळा फिरला पाहिजे. सिलिंडरच्या बाजूचं टॅपेट कव्हर काढायचं, लॉकनट ढिला करायचा, एका पान्याने खालचा भाग धरायचा, दुसऱ्याने अ‍ॅडजस्टर फिरवायचा आणि दर थोड्या फेऱ्याला रॉड बोटांत फिरवून पाहायचा. लॉकनट आवळला की सेटिंग किंचित सरकतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून पाहायचं. "मोकळा" म्हणजे नेमका किती, हे कुठल्याही पानावर छापता येत नाही. त्यासाठी बुलेटवर आयुष्य घालवलेल्या मिस्त्रीच्या शेजारी उभं राहा. त्याने लावलेला रॉड स्वतःच्या बोटांनी फिरवून पाहा, मग स्वतः लावा आणि त्याला फिरवायला द्या. वाक्य आधी वाचलेलं असेल तर मिस्त्री काय करतोय ते लगेच कळतं. वाचलेलं नसेल तर नुसता पाना फिरताना दिसतो.

इतिहासाच्या पुस्तकांबद्दल मुलं म्हणतात, ते शौकिनांचं काम. मला ते अजिबात पटत नाही. जुन्या गाडीवर काम करायचं असेल तर इतिहास हे हत्यारच आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला का? कारण ती इंग्लंडच्या रेडिच गावची गाडी आणि ब्रिटिश गाड्यांची ती रीत होती. 1955 मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया उभी राहिली, तिरुवोत्तियूरला कारखाना आला, पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली आणि 70 मिमी बोअर, 90 मिमी स्ट्रोकचं ते 346 सीसीचं इंजिन मात्र आपल्याकडे दशकानुदशकं बनत राहिलं. म्हणून जुन्या बुलेटमध्ये इंची आटे भेटतात, आणि मधल्या काळात कुणी मेट्रिक बोल्ट कोंबला असेल तर तोही भेटतो. बोल्ट दोन आटे सरळ जातो आणि मग जड होतो. ही गाडी कुठून आली हे ज्याला ठाऊक आहे, तो तिथेच हात थांबवतो आणि थ्रेड गेज काढतो.

जावा-येझदीचंही तसंच. म्हैसूरच्या आयडियल जावाने चेकोस्लोव्हाकियाची गाडी इथे बनवली, 1996 मध्ये कारखाना बंद झाला. किकची दांडी पुढे लवून तीच गिअरची दांडी होते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गिअरच्या दांडीवर पाय पडला की क्लच आपोआप सुटतो, अशी यंत्रणा त्या मूळ चेक डिझाइनमध्येच होती. हे वाचलेलं नसेल तर माणूस नुसती क्लच केबल ओढत-सोडत बसतो, आणि क्लच घसरायचा थांबत नाही. केबलबरोबर ती आतली यंत्रणाही जुळवावी लागते.

वाचनाची गोडी लागावी म्हणून मी मुलांना डीकेडब्ल्यूच्या आरटी 125 ची हकिकत सांगतो. जर्मनीतली ही छोटी टू-स्ट्रोक गाडी. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिचं डिझाइन जेत्या देशांच्या हाती गेलं. इंग्लंडमध्ये त्यावरून बीएसए बँटम झाली, अमेरिकेत हार्ली-डेव्हिडसनने 125 सीसीची गाडी काढली, रशियात मॉस्क्वा निघाली, आणि 1955 मध्ये जपानमध्ये यामाहाची पहिलीवहिली मोटारसायकल वायए-1 याच धर्तीवर आली. बँटम तर आरशात पाहावी तशी उलट केलेली होती, म्हणजे गिअर ब्रिटिश सवयीप्रमाणे उजवीकडे आला. ज्या मुलांनी आरएक्स 100 चा आवाज ऐकून या धंद्यात यायचं ठरवलं, त्यांना यामाहाची सुरुवात इथून झाली हे कळल्यावर जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो.

इतिहासाचं पुस्तक निवडताना मागची पानं चाळा. वर्षवार काय बदललं, फ्रेम नंबर कुठून कुठपर्यंत, कार्बोरेटर कधी बदलला, अशी कोष्टकं असतील तर घ्या. नुसते चकचकीत फोटो असतील तर ठेवून द्या. आणि "झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स" कुणी भेट दिलं तर आनंदाने घ्या, पण 1974 चं ते पुस्तक तत्त्वज्ञानाचं आहे, त्यात तुमच्या गाडीचा टायमिंग सापडणार नाही. त्यातला अडकून बसलेल्या एका साध्या स्क्रूवरचा भाग मात्र प्रत्येक मेकॅनिकने वाचावा.

शेवटचा आणि आजच्या घडीला पोटापाण्याचा विषय म्हणजे वायरिंग डायग्राम. 1 एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस-6 मानक लागू झालं आणि साध्या 100 सीसीच्या गाडीलाही फ्युएल इंजेक्शन आलं. स्क्रू फिरवून आयडलिंग लावणारा हात इथे पुरत नाही. सुरुवात रंगांपासून करा. होंडाच्या घराण्यात अर्थची वायर हिरवी, यामाहात काळी. होंडात मात्र काळी म्हणजे चावी चालू केल्यावर करंट येणारी. एका कंपनीच्या सवयीने दुसऱ्या कंपनीच्या गाडीत काळी वायर बॉडीला लावली की फ्यूज गेलाच. होंडाच्या इंजेक्शन गाड्यांत बिघाडाचा दिवा लुकलुकून कोड सांगतो: लांब लुकलुक म्हणजे 10, आखूड म्हणजे 1. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे 12, म्हणजे इंजेक्टरच्या सर्किटमध्ये काहीतरी. याचा अर्थ इंजेक्टर बदला असा नाही. मॅन्युअलमध्ये त्यापुढे तपासणीचा क्रम दिलेला असतो: आधी कनेक्टर, मग सप्लाय, मग इंजेक्टरचा रेझिस्टन्स, मग वायर कुठे तुटली आहे का, आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) सगळ्यात शेवटी. हा क्रम न सोडता मल्टिमीटर घेऊन चालणारा मुलगा मला मिळाला, तर त्याच्या हाताला वेग नसला तरी मी त्याला ठेवून घेतो.

विकत घ्यायचं तर आधी तुम्ही रोज ज्या गाडीवर काम करता तिचाच कॅटलॉग आणि मॅन्युअल घ्या, आवडत्या गाडीचं नंतर. पुण्यात जुन्या बाजारात आणि मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर अजून अशी पुस्तकं हाती लागतात. घेताना टॉर्कचं पान आणि वायरिंगची घडीची पानं जागेवर आहेत ना ते तिथेच उलगडून पाहा, कारण मागच्या मेकॅनिकने नेमकी तीच फाडून भिंतीला लावलेली असतात. तुमच्या प्रतीची मात्र झेरॉक्स काढा, ती प्लॅस्टिकमध्ये घालून बेंचवर ठेवा आणि मूळ पुस्तक कपाटात. पानाच्या कडेला तारीख, गाडीचं किलोमीटर रीडिंग आणि मोजलेलं माप पेन्सिलीने लिहीत जा.