इन-इअर घेताना आधी रबर बघा, ड्रायव्हर मग

इअरफोन कुठला घेऊ असं कोणी विचारलं रे विचारलं की चार जण सांगायला तयारच असतात, 10 एमएमचा ड्रायव्हर बघ, 13 एमएमवाला त्याहून भारी, बॉक्सवर एक्स्ट्रा बास लिहिलेला घे. अहो, ड्रायव्हर म्हणजे आतला छोटा स्पीकर आणि एमएम म्हणजे त्याच्या पडद्याची रुंदी, बाकी काही नाही. पातेलं मोठं म्हणून आमटी चांगली असं कोणी म्हणतं का? 6 एमएमचा नीट ट्यून केलेला इअरफोन 13 एमएमच्या ढबढब वाजणाऱ्याला सहज मागे टाकतो. आतमध्ये तीन ड्रायव्हर, चार ड्रायव्हर असतात त्यांचंही तेच. आणि 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ हा आवाजाचा खालपासून वरपर्यंतचा पल्ला तर सगळेच छापतात, ती ओळ वाचूच नका.

१. वायरवाला की ब्लूटूथ ते घरूनच ठरवून निघा. तेवढ्याच पैशात वायरवाला बहुतेक वेळा चांगला वाजतो कारण त्यात बॅटरी, चिप, चार्जिंगची डबी असला खर्च नसतो. फोनला जॅक नसेल तर आतमध्ये डीएसी (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिप) असलेलं टाइप-सी कन्व्हर्टर घ्या, नुसतं जोडणारं स्वस्त कन्व्हर्टर काही फोनवर मुकंच राहतं. ब्लूटूथ घेत असाल आणि हातात आयफोन असेल तर एलडीएसीसाठी (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची एक पद्धत) जास्त पैसे मोजू नका, आयफोन ते घेतच नाही, त्याचं एएसी या दुसऱ्या पद्धतीवर चालतं.

२. ऐकायला स्वतःच्या कानात मुरलेलं काहीतरी न्या. दुकानदार लावतो त्या ढिंच्याक गाण्यावर कुठलाही इअरफोन भारीच वाटतो. मी डबलबारीचं, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याचं, एखादं साफ रेकॉर्डिंग घेऊन जातो, कारण त्यात सगळंच आहे. पखवाजाची डावी, कणीक लावलेली बाजू खाली घुमली पाहिजे, पण घुमून लगेच थांबली पण पाहिजे, पुढच्या थापेवर सांडता नये. बुवांचा आवाज मधोमध आणि पेटीच्या पुढे. आणि गजर चढला की झांजा कानात टोचायला लागल्या तर तो इअरफोन तिथेच खाली ठेवायचा, सवय होईल वगैरे काही नाही, होत नाही.

३. आता रबर, म्हणजे इअरफोनच्या टोकाला असतं ते कानात जाणारं मऊ टोपण. ही पायरी लोक सोडून देतात आणि मग म्हणतात आवाजच नाही. यात मीही बरेच दिवस चाचपडलो आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

परवा भाचा आला, ‘मामानु, ह्येचो बास गेलो, नवे घेऊक होये.’ बास कुठे जातोय! डाव्या कानातलं रबर एक नंबर मोठं लावून दिलं आणि पखवाज परत जागेवर आला. होतं असं की रबर आणि कानाच्या नळीमध्ये केसाएवढी फट जरी राहिली तरी खालच्या पट्टीतला आवाज तिथून निसटतो, वरच्या पट्टीतला तसाच राहतो, मग सगळं पातळ आणि कर्कश वाटतं आणि माणूस इअरफोनला शिव्या घालतो. बॉक्समध्ये एस, एम, एल अशा तीन जोड्या असतात, एम आधीच बसवलेली येते आणि निम्मे लोक बाकीची पिशवी फोडतसुद्धा नाहीत. तिन्ही लावून बघायच्याच. दोन्ही कान सारखे असतील असंही धरून चालू नका, माझ्या उजव्यात एम आहे आणि डाव्यात एल, त्यात काही विचित्र नाही.

घालायची पण पद्धत आहे. कानाची नळी सरळ नसते, त्यामुळे नुसतं दाबून उपयोग नाही. उजव्या हाताने डोक्यावरून डावा कान वर आणि थोडा मागे ओढायचा, तोंड जरा उघडायचं, डाव्या हाताने इअरफोन आत घालून किंचित फिरवायचा आणि मग कान सोडायचा. दुसऱ्या कानाला हात उलटे.

बसलं की नाही हे कळायला गाणं पण लागत नाही. ओठ मिटून म्‌म्‌म्‌ असा आवाज काढा. दोन्हीकडे घट्ट बसलं असेल तर तो आवाज डोक्याच्या मधोमध घुमतो. एका बाजूला झुकला तर ज्या बाजूला झुकला ती घट्ट आहे, फट दुसऱ्या बाजूला आहे. लोक इथे हमखास उलटं समजतात आणि चांगलं बसलेलं रबर बदलत बसतात. मग फणसाचे तळलेले गरे नाहीतर काहीही कडक चावून बघा. जबडा हलला की कानाची नळीही हलते, चार घास चावून झाल्यावर परत म्‌म्‌म्‌ करा, तेव्हाही मधोमध असेल तर तो तुमचा साइज.

दुखतंय म्हणून लगेच लहान रबर लावू नका, ही सगळ्यात जास्त ऐकलेली चुकीची सूचना. आधी दुखतंय कुठे ते बघा. नळीच्या आत चारी बाजूंनी दाब वाटतो तर रबर मोठं आहे, बदला. बाहेरच्या वाटीत एकाच ठिकाणी टोचतं तर ते रबर नाही, प्लॅस्टिकची कड लागते आहे. उलट लहान रबर लावलं की ते पकड घेत नाही म्हणून माणूस इअरफोन अजून आत खुपसतो आणि कड अजून लागते. रबर बरोबर असूनही तिथे टोचत असेल तर त्या मॉडेलचा आकारच तुमच्या कानाचा नाही, ते सोडा.

बॉक्समधलं एकही जमलं नाही तर वेगळी रबरं मिळतात, पण इअरफोनच्या ज्या नळीवर रबर चढतं तिच्या जाडीचं माप बघून घ्या. सैल रबर कानातच राहतं, आणि राहिलंच तर पिनेने कोरत बसू नका, सरळ कानाच्या डॉक्टरकडे जा. ब्लूटूथवाल्याला फार लांब रबर लावलं तर डबीचं झाकण लागत नाही आणि चार्जिंग होत नाही, तेही बघा. फोमची रबरं मऊ असतात, बाहेरचा आवाज चांगला अडवतात, झांजेची धारही थोडी कमी करतात, पण आपल्याकडच्या दमट हवेत आणि घामात ती लवकर चिकट होतात, किनाऱ्यावर राहणाऱ्याने सिलिकॉनच घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

४. अर्धा तास तरी घालून बसा. पाच मिनिटांत सगळेच आरामदायी वाटतात. कुडाळ-कणकवलीच्या दुकानात कानात घालू देतीलच असं नाही, ऑनलाइन तर प्रश्नच नाही, त्यामुळे सील फोडायच्या आधी परत घेण्याची अट वाचा.

५. दोन इअरफोनची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. जो मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, दुकानात माणूस इथेच फसतो.

६. गाडीत ऐकणाऱ्यांसाठी. कोकण रेल्वेची गाडी उक्षी सोडून करबुडे बोगद्यात शिरली की खिडक्या उघड्या असलेल्या डब्यात साडेसहा किलोमीटर नुसता गडगडाट असतो, त्यात पखवाज बुडतो आणि बोट आपोआप व्हॉल्यूमवर जातं. रबर घट्ट असेल तर ते बोट बरंच कमी जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतं, 90 झालं की फक्त 4 तास. एएनसी, म्हणजे बाहेरचा आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कमी करणारी सोय, अशा घरघरीवर छान चालतं, पण फट असेल तर तेही लंगडंच. रस्त्याने चालताना मात्र एक कान मोकळा ठेवा.

७. पाणी आणि खारी हवा. बॉक्सवर आयपीएक्स4 म्हणजे घाम आणि शिंतोडे चालतात, आयपीएक्स7 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं, पण ते गोड्या पाण्यात. समुद्रात नाही. आणि हे आकडे सहसा इअरफोनचे असतात, डबीचे नसतात, पावसात डबी खिशात भिजली की गेली. काढता येणाऱ्या वायरच्या पिनांवर खाऱ्या हवेने हिरवट थर चढतो, डबीतल्या चार्जिंगच्या पिनांवरही, कोरड्या कापडाने अधूनमधून पुसा. आंघोळ करून किंवा पोहून आल्यावर ओल्या कानात घालू नका, पावसाळ्यात कानात बुरशी होते ती अशीच. खाज सुटली तर इअरफोन बंद आणि डॉक्टर. एका बाजूचा आवाज हळूहळू कमी झाला तर बहुतेक वेळा जाळीत मळ असतो. रबर काढा, जाळी जमिनीकडे धरा आणि कोरड्या मऊ टूथब्रशने झाडा. वरून झाडलं तर मळ आत जातो.