एनटी-प्रोबीएनपीचा रिपोर्ट हातात आला, आता काय करायचं?

एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी. संध्याकाळी मोबाइलवर तिचा रिपोर्ट येतो. एक आकडा ठळक छापलेला असतो, शेजारी 'हाय' लिहिलेलं असतं आणि त्या रात्री घरात कुणाला जेवण जात नाही. लालबागच्या आमच्या चाळीत हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. बाबांचं हार्ट फेल्युअर आम्ही 9 वर्षं सांभाळलं. तेव्हापासून शेजारीपाजारी फाईल घेऊन माझ्याकडे येतात आणि बरोबर कुणीतरी दिलेला चुकीचा सल्लाही आणतात. मी डॉक्टर नाही. निदान आणि औषधं डॉक्टरांनीच ठरवायची. पण रिपोर्ट नीट लावून त्यांच्यासमोर ठेवणं हे घरच्यांचं काम आहे, आणि तेच बहुतेक ठिकाणी होत नाही.

आकडा कशाचा आहे ते आधी बघा

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. शरीराला लागतं तेवढं रक्त हृदय नीट पुढे ढकलू शकत नाही, आणि मग दम लागतो, पायांवर सूज येते. हृदयाच्या खालच्या कप्प्यांवर ताण आला की तिथल्या पेशी एक प्रथिन सोडतात आणि त्याचे दोन तुकडे होतात. एक बीएनपी. तो मूत्रपिंडाला मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतो आणि काही मिनिटांतच रक्तातला निम्मा संपतो. दुसरा एनटी-प्रोबीएनपी. त्याला स्वतःचं काम नाही, पण तो रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून मोजायला सोयीचा. बीएनपी 1988 साली जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून नावातल्या 'बी'चा अर्थ 'ब्रेन', म्हणजे मेंदू. "मेंदूला काय झालंय?" असं विचारत एक काकू रडवेल्या होऊन आल्या होत्या. मेंदूचा इथे काही संबंध नाही.

रक्त देताना

उपाशी राहायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आणि डॉक्टरांना आधी सांगा. काही यंत्रांवर बायोटिनच्या मोठ्या डोसामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो.

मर्यादा कोणती लावायची

एनटी-प्रोबीएनपीच्या रिपोर्टवर बहुधा 125 (पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर) ही मर्यादा छापलेली असते. ती ओपीडीत चालत आलेल्या माणसासाठी आहे, आणि तिचा उपयोग मुख्यतः हार्ट फेल्युअर नसावं असं म्हणण्यासाठी होतो. अचानक दम लागून कॅज्युअल्टीत आलेल्यासाठी ती मर्यादा 300 असते. तिथे आजार असल्याचं ठरवताना वय बघतात: पन्नाशीच्या आत 450, 50 ते 75 मध्ये 900, त्यापुढे 1800. म्हणून 80 वर्षांच्या आजीच्या रिपोर्टवर 'हाय' छापलं म्हणजे आभाळ कोसळलं असं नाही. उलट वजन खूप जास्त असलेल्या माणसात आकडा खालीच राहतो. दम लागत असेल तर कमी आकड्यावर विसंबून घरी बसू नका.

दोन रिपोर्टांची तुलना: इथेच सगळे अडकतात

मीही इथेच अडकले होते. बाबांचा पहिला रिपोर्ट 410 होता. तीन महिन्यांनी दुसऱ्या लॅबमधून आला 1950. चारपटीहून जास्त! जुलैचा पाऊस, हिंदमाताला पाणी भरलेलं. तशा रात्री बाबांना टॅक्सीत घालून आम्ही रुग्णालयात नेलं. बाबा सारखे म्हणत होते, "अगं, मला बरं वाटतंय." मी ऐकलं नाही. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले आणि पेनाने दोन शब्दांखाली रेघ मारली. पहिल्यावर होतं बीएनपी, दुसऱ्यावर एनटी-प्रोबीएनपी. तपासण्याच वेगळ्या होत्या. एनटी-प्रोबीएनपीचा आकडा बीएनपीच्या कितीतरी पट असतो आणि एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायचं भरवशाचं सूत्र नाही. बाबांची तब्येत होती तशीच होती.

त्या रात्रीपासून माझा नियम पक्का आहे: एकच तपासणी, एकच लॅब, शेवटपर्यंत. सवलतीच्या पॅकेजसाठी लॅब बदलू नका. एकाच नावाची तपासणी असली तरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर आकडे जुळतीलच असं नाही. एककही बघा. पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि नॅनोग्रॅम प्रति लिटर एकच आहेत. पण परदेशातल्या नातेवाइकाचा रिपोर्ट पिकोमोलमध्ये असेल, तर एनटी-प्रोबीएनपीसाठी त्याला साधारण साडेआठने गुणावं लागतं.

दुसरा खड्डा औषधाचा. सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन ही गोळी हार्ट फेल्युअरमध्ये आता बऱ्याच जणांना देतात. बीएनपी मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ती अडवते, म्हणून ती सुरू केल्यावर बीएनपी वाढलेला दिसू शकतो. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना कुणीतरी सांगितलं, "आकडा वाढला, गोळी सोसत नाही, बंद करा." त्यांनी आठवडाभर बंद केली आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजले. मला त्या सल्ल्याचा आजही राग येतो. एनटी-प्रोबीएनपीला हे विकर मोडत नाही, म्हणून या गोळीवर असलेल्यांची तीच तपासणी करणं सोयीचं. आणि आकडा बघून घरच्या घरी कुठलीही गोळी बंद करायची नाही, मग ती लघवीची का असेना.

तिसरी गोष्ट, थोड्या फरकाला फरक समजू नका. तब्येत तीच असली तरी आकडा 20-25 टक्के इकडे-तिकडे होतो. 1200 चे 1450 झाले तर वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत दाखवा. 1200 चे 2600 झाले तर त्याच दिवशी फोन करा. त्याआधी क्रिएटिनिन बघा, कारण मूत्रपिंड मंदावलं तरी हा आकडा चढतो. नाडी अनियमित करणारं एट्रियल फिब्रिलेशन सुरू झालं, तरीही चढतो. या दोन गोष्टी शेजारी नसतील तर डॉक्टरही नुसत्या आकड्यावरून काय सांगणार?

आकडा खाली आणायचा ध्यासही घेऊ नका. 2017 साली अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. त्यात 894 रुग्ण होते. निम्म्यांचे उपचार एनटी-प्रोबीएनपी 1000 च्या खाली आणायच्या हेतूने केले, उरलेल्यांचे नेहमीसारखे. मृत्यू किंवा भरती होण्यात फरक पडला नाही.

आडवं झाल्यावर गुदमरायला लागलं, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर रिपोर्टची वाट बघायची नाही. 108 ला फोन करा.

पाय विसरू नका

करी रोडच्या पुलावर चढताना बाबा मधेच पोटरी धरून थांबायचे. दोन-तीन मिनिटांनी दुखणं जायचं, पुन्हा चालायचे, पुन्हा तेवढ्याच अंतरावर थांबायचे. हार्टचंच असेल म्हणून आम्ही दोन वर्षं घालवली. ते पायांच्या धमन्या अरुंद होण्याचं दुखणं होतं. धूम्रपान आणि मधुमेह असलेल्यांना ते जास्त होतं, आणि ज्यांचं हृदय आजारी आहे अशा कितीतरी जणांना तेही असतं.

हे दुखणं ठरवणारी रक्ततपासणी नाही, कुणी विकली तर घेऊ नका. घोट्याजवळचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, एवढं साधं गणित आहे. डॉप्लर (रक्ताचा प्रवाह टिपणारं यंत्र) लावून मोजतात, सुई टोचत नाहीत. उत्तर 0.90 किंवा कमी आलं तर आजार आहे. 1.40 च्या वर आलं तर धमनी कडक झाली आहे आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. जुन्या मधुमेहात असं होतं. मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

पायांच्या धमन्यांच्या रुग्णांत एनटी-प्रोबीएनपी किंवा ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं असेल तर पुढचा धोका जास्त असतो, असं संशोधनात दिसलंय. जीडीएफ-15, गॅलेक्टिन-3 वगैरे रक्तातल्या इतर प्रथिनांवरही काम चालू आहे. ते संशोधकांना करू द्या. घरच्या पैशांतून एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन आणि आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉलचाच एक आनुवंशिक प्रकार) करून घ्या. पायावरची जखम भरत नसेल तर लगेच दाखवा. पाय अचानक पांढरा, गार पडून दुखायला लागला तर तासाचाही उशीर नको.

वही

शंभर पानी साधी वही घ्या आणि प्रत्येक रिपोर्टची एकच ओळ लिहा. बाबांच्या वहीतली एक ओळ अशी आहे:

*12 ऑगस्ट. एनटी-प्रोबीएनपी 1380, नेहमीची लॅब. क्रिएटिनिन 1.4, पोटॅशियम 4.6. सकाळचं वजन 61.5. नाडी 72, नियमित. लघवीची गोळी अर्धी केल्याला 10 दिवस. दोन उशा लागतात. पुलावर एकदा थांबले.*

वजन रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी. तीन दिवसांत 2 किलोच्या वर वाढलं तर फोन. आमचे डॉक्टर वही उघडली की आधी वजनावर बोट ठेवायचे, मग उशांवर (झोपताना दम लागू नये म्हणून किती लागतात), आणि एनटी-प्रोबीएनपीकडे त्यानंतर बघायचे.