मोबाइल आणि सीटबेल्ट टिपणारे कॅमेरे: चालकाने काय काळजी घ्यावी

रस्त्यावरील कमानीवर किंवा उंच खांबावर बसवलेले हे कॅमेरे इन्फ्रारेड प्रकाशाच्या साहाय्याने पुढच्या काचेतून थेट गाडीच्या आत पाहतात, त्यामुळे रात्रीच्या अंधारातही चालकाचे हात आणि मांडी स्पष्ट दिसते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात अशा कॅमेऱ्यांद्वारे मोबाइलसाठी १ मार्च २०२० पासून, तर सीटबेल्टसाठी १ जुलै २०२४ पासून दंड आकारला जातो. तेथे संगणकाने वेगळे काढलेले छायाचित्र दंडापूर्वी माणूस तपासतो, ही पद्धत मला अत्यावश्यक वाटते.

गाडी सुरू करण्यापूर्वीच नकाशावर मार्ग लावून मोबाइल स्टँडमध्ये बसवावा. तो मांडीवर मुळीच ठेवू नये. अनेक देशांत सिग्नलला थांबल्यावरही तो हातात घेणे गुन्हाच ठरते.

सीटबेल्ट नुसता अडकवून भागत नाही. खालचा पट्टा पोटावर न ठेवता कमरेच्या हाडांवर घट्ट बसवावा आणि वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून छातीवर तिरपा यावा. तो काखेखालून घेतल्यास धडकेचा सगळा जोर बरगड्यांवर येतो, आणि कॅमेराही ही चूक टिपतो. शेजारी बसलेल्याचा पट्टाही तपासावा.

नोटीस आलीच, तर छायाचित्र, गाडीचा क्रमांक, दिनांक व वेळ पडताळून पाहावी, आणि गाडी दुसरे कोणी चालवत असल्यास किंवा वैद्यकीय कारणाने सूट असल्यास तसे पुराव्यासह मुदतीत कळवावे.