आरसिंकचा बॅकअप: रिस्टोअर फसू नये म्हणून या चुका टाळा

आरसिंक या लिनक्सवरच्या फाइली कॉपी करणाऱ्या कमांडने घेतलेला अख्ख्या सिस्टिमचा बॅकअप नव्या डिस्कवर टाकला आणि मशीन सुरूच होईना, की सगळे ग्रबला, म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्स लोड करणाऱ्या प्रोग्रॅमला, दोष देतात. खरं तर बऱ्याच चुका बॅकअप घेतानाच झालेल्या असतात.

बॅकअपची डिस्क एक्सफॅट किंवा फॅट३२ असेल तर फाइलींचे मालक, परवानग्या आणि सिमलिंक तिथे टिकतच नाहीत. डिस्क एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमने फॉरमॅट करून घ्या. नुसतं ‘-ए’ (आर्काइव्ह पर्याय) देऊन थांबू नका. हार्डलिंक (एकाच फाइलची दुसरी नावं), एसीएल (जास्तीच्या परवानग्या) आणि एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट (फाइलीला जोडलेली जास्तीची माहिती) त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी कॅपिटल एच, ए आणि एक्स जोडा.

प्रॉक, सिस, डेव्ह, रन ही फोल्डरं चालू सिस्टिम स्वतः भरते, म्हणून ती वगळायची, पण ‘/प्रॉक/*’ असा स्टार लावून. स्टार नसेल तर फोल्डरच कॉपी होत नाही आणि बूट होताना माउंट करायला जागा उरत नाही.

सर्वांत घातक पर्याय ‘--डिलीट’, म्हणजे मूळ ठिकाणी नसलेल्या फाइली बॅकअपमधूनही काढणारा. मूळ डेटाची डिस्क माउंट झालेली (सिस्टिमला जोडलेली) नसेल, तर आरसिंकला तिथे रिकामं फोल्डर दिसतं आणि बॅकअपमधल्या फाइली तो इमानदारीत पुसून टाकतो. उलट बॅकअपची डिस्क माउंट नसेल तर सगळी कॉपी रूट पार्टिशनवरच साठते आणि ते भरून जातं. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला दोन्हीकडे ‘माउंटपॉइंट -क्यू’ची तपासणी हवीच, आणि पहिल्यांदा आरसिंकला ‘-एन’ लावून, काहीही न बदलता, नुसती यादी बघा.

चालू डेटाबेसच्या फाइली थेट कॉपी करू नका, डेटाबेसच्याच साधनाने डंप (एक्सपोर्ट) काढा.

लाइव्ह यूएसबीवरून रिस्टोअर करताना ‘--न्यूमेरिक-आयडीज’ द्या. नाहीतर, विशेषतः नेटवर्कवरून कॉपी करताना, मालकांची नावं लाइव्ह सिस्टिममधल्या क्रमांकांशी जुळवली जातात आणि मालकी बिघडू शकते.

आता बूट. नव्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) वेगळा असतो, पण एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत, जुनाच राहिलेला असतो. बूट सांभाळणारं सिस्टिमडी त्या डिस्कची साधारण ९० सेकंद वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जातं. ‘बीएलकेआयडी’ने नवा यूयूआयडी पाहून एफएसटॅब दुरुस्त करा. मग डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन बाइंड-माउंट करून (नव्या डिस्कवरच्या फोल्डरांवर जोडून) सीएचरूटने नव्या सिस्टिममध्ये शिरा. यूईएफआय मशीनवर ईएफआय पार्टिशनही आधी माउंट करा. बॅकअप घेताना छोटा ‘-एक्स’ (एकाच फाइलसिस्टिमपुरतं राहा, असा पर्याय) लावला असेल तर ईएफआय पार्टिशनमधल्या फाइली आलेल्याच नसतात. डेबियन-उबुंटूवर त्यानंतर ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-इनिटरॅमएफएस आणि अपडेट-ग्रब चालवा. फेडोरावर रूटमध्ये ‘.ऑटोरीलेबल’ ही रिकामी फाइल ठेवा, म्हणजे एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेची लेबलं पहिल्या बूटला नव्याने लागतील. त्या बूटला वेळ लागतो, मधेच बंद करू नका.